बोरघाटातला शुक्रवार

आधी अंगावरचं उतरवा. रेनकोट, घड्याळ, बूट, कमरेचा पट्टा, सगळंच. खांद्यावर घोंगडी घ्या, डोक्यावर इरलं. वहाणा हातात धरा, कारण खंडाळ्याच्या या चिखलात वहाण मागे राहते आणि पाय पुढे जातो. फोन गाठोड्यात राहिला तरी हरकत नाही, तो इथे कुणाच्या कामाचा नाही.

आणखी एक. कुणाकडे चिक्की मागू नका. भजी नाहीत, भाजलेलं कणीस नाही, फज नाही, चहासुद्धा साहेबाच्या बंगल्याबाहेर सहजासहजी मिळायचा नाही. नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी मिळेल. भात हवा असला तर आंबेमोहोर म्हणा. इंद्रायणी म्हणालात तर लोक तुम्हाला नदीची वाट दाखवतील.

आज गुरुवार, १ सप्टेंबर १८५९, दुपारचे चार वाजलेत. भाद्रपद लागलाय, घरोघरी गणपती आहेत. तुम्ही पुण्याहून आगगाडीने आलात आणि गाडी इथेच संपली. पुणे-खंडाळा गाडी सुरू होऊन सव्वा वर्ष झालं, खाली खोपोलीहून मुंबईची गाडी सुटते, आणि मधला घाट ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे उतरायचा: पालखीत, तट्टावर, बैलगाडीत, नाहीतर पायी.

डब्यातून पाय खाली टाकताच चौघे तुमचं गाठोडं चार बाजूंना ओढू लागतात. ‘पालखी, रावसाहेब, पालखी!’ ‘तट्टू घ्या बाबा, लई गरीब जनावर!’ त्या गरीब जनावराने तेवढ्यात मागच्या हमालाला लाथ घातलेली असते. पाठीशी इंजिन फुसफुसतंय. कोळशाचा कण डोळ्यात गेलाय, तो चोळू नका, आणखी रुतेल. नाकात काय काय शिरतंय बघा: वाफ, ओली लोकर, लीद, कुणाची तरी तपकीर, भिजलेल्या लाकडांचा झोंबणारा धूर. आणि या सगळ्यावर दरीतून चढून येणारं धुकं. समोरचा माणूस बोलता बोलता कमरेपासून वर नाहीसा होतो, नुसता आवाज उरतो. तेरड्याची जुडी काखेत मारून एक म्हातारी त्या धुक्यातून बाहेर येते, तुमच्या कोऱ्या घोंगडीकडे संशयाने बघते आणि निघून जाते. तिला गौरींची घाई आहे.

याच घटकेला विलायतेत सकाळ आहे आणि रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरचे डाग चितारतोय. त्या डागांमध्ये अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटतात आणि पाच मिनिटांत विझतात. धावत जाऊन साक्षीदार आणेपर्यंत खेळ जवळजवळ संपलेला असतो. दुसऱ्या एका ठिकाणी हॉजसन नावाच्या हौशी निरीक्षकानेही ते पाहिलं, म्हणून बरं. नाहीतर कुणी विश्वास ठेवला नसता. तुमच्या डोक्यावर मात्र ढग आहेत आणि डोळ्यात कोळसा. तुम्ही काही पाहिलं नाही. चला.

उजेड आहे तोवर बोगदा बघून घ्या. पावसाळ्यात घाटातली उघड्यावरची कामं बंद असतात. भराव वाहून जातात, दरडी येतात, मजुरांतले बरेचजण शेतीसाठी गावाकडे पांगलेत. बोगद्यांची खोदाई तेवढी चालू आहे. असे पंचवीसेक बोगदे पाडायचेत. तोंडाशी थंडगार वारं लागतं आणि वीस पावलांवर उन्हाळा सुरू होतो. आत हवा हलत नाही. तेलाच्या दिव्यांची काजळी, घाम, सुरुंगाच्या दारूचा सडक्या अंड्यासारखा वास. एकजण उकिडवा बसून पहार धरतो, दुसरा तिच्यावर घण घालतो, प्रत्येक घावानंतर पहिला पहार जराशी फिरवतो. ठण्. फिरव. ठण्. पहार धरणाऱ्याचे डोळे मिटलेले आहेत. भीतीने नव्हे, कपच्या उडतात म्हणून. भोक पुरेसं खोल गेलं की त्यात दारू ठासतात, वात लावतात, मुकादम ओरडतो, आणि सगळे तुमच्यासकट बाहेर पळतात. धमाका कानांपेक्षा आधी पोटाला कळतो. नंतर बराच वेळ सह्याद्री तो आवाज परत परत सांगत राहतो.

जुना ठेकेदार काम सोडून गेलाय, नवा सॉलोमन ट्रेडवेल अजून यायचाय. तो येईल, थोड्याच आठवड्यांत इथे खंडाळ्यालाच मरेल, आणि त्याची बायको अ‍ॅलिस ठेका निभावून नेईल. दोन वर्षांनी या घाटात बेचाळीस हजार माणसं राबत असतील आणि १८६३ मध्ये गाडी थेट धावेल. हे तुम्हाला ठाऊक आहे, इथे कुणाला नाही. तेव्हा तोंड बंद ठेवा.

रात्री धर्मशाळेची पडवी. करंजेलाची पणती उजेडापेक्षा वास जास्त देते. शेजारी घोरणारे तिघे, कोपऱ्यात खोकणारा एक, छपरातून तुमच्याच उशाशी गळणारं पाणी. आता पिशवीतली ती वस्तू काढा, जी मी नियम मोडून तुम्हाला आणू दिली. एक डबी, एक लांब तार, कानाला लावायचे हेडफोन. तार बाहेर आंब्याच्या फांदीवर टाका. डबी साधी आहे. वीज चमकते तेव्हा उजेडाबरोबर रेडिओलहरीही सुटतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा लहरींची कंपनं सेकंदाला काहीशे ते काही हजार, म्हणजे नेमकी माणसाच्या कानाला झेपतील एवढीच असतात. पण त्या हवेच्या लहरी नव्हेत, विद्युतचुंबकीय आहेत, म्हणून कान त्यांना बहिरा. डबी त्यांचा आवाज करून देते, बस्स.

आजच्या लोणावळ्यात ही डबी लावून बघा. एकच सूर लागेल, घुंऽऽऽ. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली चालू झालं, वलवण धरणाचं पाणी त्यासाठीच खाली उतरतं. पुढे घाटातली रेल्वे विजेवर आली, मग गावं, मग बंगले, मग बंगल्यांचे जलतरण तलाव. सगळ्या मावळावर त्या पन्नास हर्ट्‌झचा पहारा बसलाय. १८५९ मध्ये विजेच्या नावाने इथे फक्त तारायंत्राची तार आहे, तीही रात्री गप्प. एवढी स्वच्छ शांतता तुम्हाला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही.

ऐका. तडतड, तडतड, चट्. ही हजारो किलोमीटरवरच्या विजांची तडतड. मध्येच ट्युईं, आणि पुन्हा ट्युईं. हे ट्वीक. रात्री आयनांबराचं, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थराचं, छत नव्वदेक किलोमीटरवर स्थिरावतं. जमीन आणि छत यांच्यामध्ये आपटत आपटत लांबून आलेल्या लहरींतले खालचे सूर मागे रेंगाळतात आणि आवाजाला ती चिवचिवती शेपटी फुटते. तट्टूवाल्याचा पोरगा जागा झालाय. त्याच्या कानाला हेडफोन लावा. तो दचकतो, मग हसतो.

‘पाखरं हायत का आत?’

हो म्हणा. उत्तर अगदीच खोटं नाही. इथून वर, काही पृथ्वीत्रिज्यांच्या उंचीवर, आपल्या ग्रहाच्या चुंबकीय कवचात विरळ प्लाझ्मा भरलेला आहे. प्लाझ्मा म्हणजे ज्यातले इलेक्ट्रॉन सुटे होऊन हिंडतायत असा वायू. त्यात सतत लहरी उठतात. त्यांतल्या एका जातीचा आवाज डबीत भल्या पहाटेच्या किलबिलाटासारखा लागतो, म्हणून शास्त्रज्ञांनी तिचं नावच कोरस ठेवलं. दुसरी सलग सुस्कारत राहते, ती हिस. तिसरी शिट्टी घालते. वीज पडते, तिची लहर चुंबकीय रेषेची कमान धरून अवकाशात चढते, दुसऱ्या गोलार्धात उतरते. वाटेत तीव्र सूर पुढे पळतात, मंद्र मागे पडतात, आणि ऐकणाऱ्याला वरून खाली घरंगळत येणारी शिट्टी मिळते. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकणाऱ्या जर्मन बार्कहाउझेनच्या कानी या शिट्ट्या पडल्या. १९५३ मध्ये ओवेन स्टोरी या इंग्रज तरुणाने हिशेब करून दाखवलं की शिट्टीला एवढा उशीर लागतो, त्याअर्थी तिथे वर कुणालाही वाटलं नव्हतं इतके इलेक्ट्रॉन असणार. उपग्रह उडण्याआधी, जमिनीवर बसून लावलेला शोध!

मावळात मात्र शिट्टीची वाट बघू नका. चुंबकीय विषुववृत्त इथून फार लांब नाही, त्यामुळे खंडाळ्यातून निघणारी रेषा जेमतेम वर जाते न जाते तोच दक्षिणेला उतरते. तिच्या कमानीला शिट्टी घडवण्याइतकी उंचीच नाही. आपल्याकडे या शिट्ट्या टिपल्या त्या गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी अशा उत्तरेकडच्या ठिकाणी. मला याचं थोडं वाईट वाटतं, पण भूगोलापुढे इलाज नाही. तार गुंडाळा आणि झोपा.

शुक्रवार. आठ वाजता पालखी. चार भोई उचलतात आणि तुमच्या पोटातली भाकरी जागची हलते. पालखी सुखाची असते असं ज्यांनी लिहिलं ते तिच्यात बसले नसावेत. बांबूची करकर, भोयांचा एकसुरी हुंकार, उताराला पुढचे दोघे गुडघ्यात वाकतात तेव्हा तुमचं डोकं लाकडावर आदळतं. पडदा सारलात तर गुदमरायला होतं, उघडलात तर पाऊस आत. उघडाच ठेवा. कारवीची ओली भिंत अंगाला घासून जाते. नागफणीचा सुळका असायला हवा तिथे नुसतं पांढरं आहे आणि त्या पांढऱ्यातून धबधब्यांचा आवाज येतोय, किती ते सांगता येत नाही. कोळशाच्या पाट्या डोक्यावर घेतलेले कातकरी वर चढतायत. वाट अरुंद, म्हणून तुमची पालखी दरीच्या कडेला सरकते. खाली बघू नका. एका वळणावर भोई खांदा बदलतात. पुढच्या भोयाच्या खांद्यावर दांड्याने पडलेला घट्टा तुमच्या डोळ्यांसमोर येतो, लिंबाएवढा, काळा, तुळतुळीत. पाऊस त्याच्यावरून ओघळतो. तो माणूस कमरेची तंबाखू काढतो, चिमूट तोंडात टाकतो, ‘उचला रं’ म्हणतो.

मुंबईच्या घड्याळात साडेनऊ-दहा वाजलेत. आता झालं.

काय झालं? तेच तर. काल त्या ठिपक्यांच्या वेळी सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा लोंढा पंधरा कोटी किलोमीटर कापून आत्ता येऊन आदळला. एरवी त्याला दोन-तीन दिवस लागतात, हा साडेसतरा तासांत आला. पृथ्वीचं चुंबकीय कवच सूर्याच्या बाजूने दडपलं गेलं. विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीभोवती फिरणारा विजेचा प्रवाह फुगत चाललाय. १८५९ मध्ये ते पाहायला वर कुणी नव्हतं, पण याहून धाकट्या वादळांत व्हॅन ॲलन प्रोब्ज या दोन उपग्रहांनी २०१२ ते २०१९ या काळात जे मोजलं त्यावरून एवढं सांगता येतं: अशा वेळी प्लाझ्माचं आतलं आवरण बाहेरून सोललं जातं, कोरस लहरी पिसाळतात आणि इलेक्ट्रॉनांना ढकलत ढकलत प्रकाशाच्या वेगाजवळ नेतात, हिस त्यांना हळूहळू खाली वातावरणात लोटते. कुंकवाचा करंडा सांभाळत तुमच्या मागच्या तट्टावर बसलेल्या बाईला, कातकऱ्यांना, भोयांना, तुम्हाला, कुणालाही त्यातलं काही जाणवलेलं नाही. त्वचा नाही शहारली, कान नाही वाजले. अमेरिकेत या वेळी रात्र आहे. क्युबापर्यंत आकाश लाल झालंय, आणि तिथे उजाडलं की बोस्टनचे तारमास्तर बॅटऱ्या काढून ठेवून आकाशातून आलेल्या विजेवर तारा पाठवतील. इथे भर दिवस, पाऊस आणि धुकं. एवढं मोठं वादळ अख्ख्या मावळातून गेलं आणि मावळाने फक्त पावसाला शिव्या दिल्या.

या मुलखात एकच जागा आहे जिथे ते दिसतंय, आणि पालखीने तिथे पोचेपर्यंत रात्र होईल. म्हणून डोळे मिटा, मी नेतो.

कुलाबा. समुद्राचा खारा वारा, सुकणाऱ्या बोंबलांचा वास, आणि एक जाड भिंतींची वेधशाळा. दाराशी थांबा. लोखंडाची किल्ली, चाकू, काही असेल तर बाहेर ठेवा; आत लोखंडाला मज्जाव आहे. खोलीत अंधार, कोंदट ऊब, जळत्या वातीचा वास. बिनवळी रेशमाच्या दोऱ्याला टांगलेला एक चुंबक. थोड्या अंतरावर रोवलेल्या छोट्या दुर्बिणीतून एक सहायक मोजपट्टीवरचा आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. एरवी ही नोंद तासातासाची. आज आकडे असे सरकतायत की दर काही मिनिटांनी वाचावं लागतंय. पोरवयात केरूनाना छत्रे याच वेधशाळेत नोकरीला होते. आता ते गणित शिकवायला गेलेत, नाहीतर तुम्हाला ओळख करून दिली असती.

सहायकाच्या खांद्यावरून बघा, पण श्वास त्याच्या मानेवर सोडू नका. सव्वाअकरा. चुंबकाची आडवी ओढ सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली आलीय. रोज सूर्य उगवण्या-मावळण्याबरोबर जो चढउतार होतो, तो इथे शंभराच्या आतलाच. सहायक पट्टीकडे पुन्हा बघतो. वातीची काजळी झटकतो. पुन्हा बघतो. आणि लिहितो. त्याने खाडाखोड केली नाही, ‘यंत्र बिघडलं’ म्हणून रकाना मोकळा सोडला नाही, यासाठी त्याचे पाय धरावेत असं मला वाटतं. त्याचं नाव मात्र मला सांगता येत नाही. तासा-दीड तासाची घसरण इथेच थांबते आणि चुंबक भराभर वर चढू लागतो.

कुलाब्याच्या डोळ्यांना एक गोष्ट निसटली, ती लंडनजवळ क्यू इथे सापडली. तिथे नोंद फोटोच्या कागदावर आपोआप व्हायची. बॅलफर स्ट्युअर्टने तो कागद तपासला तेव्हा मोठ्या चढउतारांवर बारीक थरथर उमटलेली दिसली, मिनिटभराच्या आगेमागे पुन्हा पुन्हा होणारी. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा एकतारीच्या तारेसारख्या झणझणत होत्या. या प्लाझ्मालहरींची ही पहिली नोंद. त्यांचं गणित हान्नेस आल्फवेनने मांडलं १९४२ मध्ये. दर काही मिनिटांनी दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या कुलाब्याच्या माणसाला ती थरथर पकडणं शक्यच नव्हतं.

या परत. भोयांनी पालखी खोपोलीत उतरवलीय. इथे पाऊस कमी आणि उकाडा अंगाला चिकटणारा. नाना फडणविसांनी बांधलेल्या तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं आपटतायत. भोई पैसे मोजून घेतात, एक पैसा खोटा निघतो, त्यावरून भांडण होतं, ते तुम्हीच मिटवा. मग मुंबईची गाडी. आत जागा नाही. कुणाच्या तरी ट्रंकेवर अर्धं ढुंगण टेका आणि कोळशापासून डोळे सांभाळा.

कुलाब्याच्या त्या नोंदी पुढे छापल्या गेल्या आणि कपाटात पडून राहिल्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्या चुंबकांना वेड लावणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवायला सुरुवात झाली. तिथली नवी खोली लोखंड टाळून बांधली. आज हा सगळा वारसा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. २००३ मध्ये तिथल्या गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस यांच्यासह १८५९ चे ते आकडे पुन्हा मांडले आणि जगाला कळलं की त्या वादळाची विषुववृत्ताजवळची पूर्ण नोंद कुलाब्याच्या वहीत आहे. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणारं वादळ या मापाने ५८९ भरलं होतं, मे २०२४ मध्ये लडाखचं आकाश लाल करणारं चारशेच्या आसपास. ही मापं अनेक ठिकाणांची सरासरी असतात आणि कुलाब्याचा आकडा एकट्या जागेचा, त्यामुळे सोळाशेतले किती त्या प्रवाहाचे आणि किती इतर कशाचे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडू देत.

संस्थेचं मुख्यालय नव्या पनवेलला, कळंबोलीच्या हमरस्त्यालगत आहे. बोरघाट उतरून मुंबईकडे जाताना तुम्ही दर वेळी त्याच्या जवळून जाता. आणि ती डबी हवी असेल तर ती महाग नाही, घरीही जुळवता येते. फक्त लोणावळ्यात लावू नका. विजेच्या तारांपासून जमेल तितकं लांब, राजमाचीच्या बाजूला कुठेतरी, पावसाच्या तोंडावर आणि रात्री लावा. ट्वीक ऐकू येतील.